डेझर्ट स्ट्राइकची जुनी कॅसेट: किंमत कशाला मिळते

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. निपाणीच्या घरी माळ्यावरच्या ट्रंकेत काकांनी दुबईहून आणलेला सेगा मेगा ड्राइव्ह, म्हणजे टीव्हीला जोडून गेम खेळायचं जुनं मशीन, सापडला. सोबत ‘डेझर्ट स्ट्राइक’ या हेलिकॉप्टरच्या लढाईच्या गेमची कॅसेट, तिची प्लास्टिकची पेटी आणि आतली पुस्तिका आहे. पेटीवर तिथल्या दुकानाचं किमतीचं स्टिकर आहे, पुस्तिकेला ओल लागून डाग पडलेत. कुणीतरी तुम्हाला सांगितलं की असल्या गेमना लाखांनी किंमत येते. तर ती खरंच येते का, ग्रेडिंगला, म्हणजे वस्तूची अवस्था तपासून दर्जाचा आकडा देणाऱ्यांकडे, पाठवावी का आणि त्याआधी सगळं साफ करून घ्यावं का.

आधी आकड्याचं बोलू, म्हणजे पुढचं शांतपणे वाचता येईल. लाखांची गोष्ट डोक्यातून काढा. परदेशात या गेमची नुसती कॅसेट साधारण दहा-वीस डॉलरच्या पट्ट्यात विकली जाते. पेटी आणि पुस्तिका चांगल्या असतील तर त्याच्या दीडपट ते तिप्पट मिळतात. म्हणजे आपल्या हिशेबाने काही शे ते फार तर पाच-एक हजार रुपये. भाव वर-खाली होतात, पण या गेमच्या बाबतीत शून्य वाढेल इतका फरक पडत नाही. लाखांचा समज कुठून आला तेही सांगतो. जुलै २०२१ मध्ये ‘सुपर मारिओ ६४’ ची एक प्रत अमेरिकेतल्या हेरिटेज ऑक्शन्सच्या लिलावात १५ लाख ६० हजार डॉलरला गेली. ती कारखान्यातून आलेल्या सीलमध्ये, कधीच न उघडलेली आणि १० पैकी ९.८ दर्जा मिळालेली होती. त्या एका बातमीवरून घरोघरच्या वापरलेल्या कॅसेटींचे भाव लावले जातात. तो बाजार वेगळा, आपला वेगळा.

मग हा गेम इतका नावाजलेला असून स्वस्त का? उत्तर त्याच्या नावाजलेपणातच आहे. इलेक्ट्रॉनिक आर्ट्स (ईए) या अमेरिकी कंपनीने तो १९९२ साली मेगा ड्राइव्हवर काढला. आखाती युद्ध संपून जेमतेम वर्ष झालं होतं, विषय ताजा होता, आणि माइक पोसेन यांच्या चमूने अपाची हेलिकॉप्टर तिरक्या कोनातून असं काही उडवायला दिलं की गेम धो-धो खपला. त्याच्या मागोमाग १९९३ ला ‘जंगल स्ट्राइक’ आणि १९९४ ला ‘अर्बन स्ट्राइक’ आले, ते या यशावरच. जी वस्तू लाखो घरांत गेली ती आज हजारो माळ्यांवर आहे. संग्राहक पैसे मोजतो ते दुर्मिळतेला. गेम किती चांगला यावर भाव फारसा ठरत नाही. हे मन मोडणारं वाटेल, पण दुसरी बाजूही आहे. हा गेम आवडणारे लोक जगभर आहेत, त्यामुळे वाजवी भावाला गिऱ्हाईक नक्की मिळतं. त्यातून पुढे २००६ मध्ये पीएसपी या सोनीच्या हातात धरायच्या मशीनवरच्या ‘ईए रीप्ले’ या संचातही हा गेम आला. ज्याला फक्त खेळायचंय त्याला मूळ कॅसेटीची गरज उरली नाही. म्हणजे तुमचं गिऱ्हाईक कोण, तर ज्याला ती वस्तूच हवी आहे तो. तो काय बघतो, यावर बाकी सगळं अवलंबून आहे.

तो पहिल्यांदा बघतो ती वस्तू कोणती आहे ते. आपल्या भागात, बेळगाव-खानापूरपासून संकेश्वरपर्यंत, ‘जुनी गेमची कॅसेट’ म्हणून जे निघतं त्यातलं बहुतेक मेगा ड्राइव्हचं नसतंच. ते आठ-बिटी टीव्ही गेमच्या, ‘नव्व्याण्णव लाख गेम’ लिहिलेल्या पिवळ्या-काळ्या कॅसेटी असतात. त्यातही हेलिकॉप्टरचे गेम भरपूर असत, पण त्यांना संग्राहकांत जवळजवळ भाव नाही. ओळखायची खूण सोपी आहे. कॅसेटीच्या तोंडाशी असलेल्या धातूच्या बारीक पट्ट्या मोजा. आठ-बिटी भारतीय-चिनी कॅसेटीला एका बाजूला ३०, दोन्ही मिळून ६०. मेगा ड्राइव्हच्या कॅसेटीला एका बाजूला ३२, दोन्ही मिळून ६४. तुम्ही लिहिलंय की कॅसेट नेहमीच्या सेगापेक्षा उंच आहे आणि डाव्या कडेला पिवळी प्लास्टिकची पट्टी आहे. ही खूण चांगली आहे. इलेक्ट्रॉनिक आर्ट्स त्या काळी सेगाकडून कॅसेटी बनवून न घेता स्वतः बनवत असे, म्हणून त्यांचा साचा वेगळा आणि कडेला ती पिवळी पट्टी. डेझर्ट स्ट्राइक म्हणून कुणी नेहमीच्या सेगा आकाराच्या, बिनपट्टीच्या कॅसेटीत देत असेल तर हात आखडा. अपवाद असतील, पण खात्री होईपर्यंत मूळ समजू नका.

पिवळी पट्टी असली म्हणजे झालं असंही नाही. आखाती देशांतल्या बाजारात त्या काळी नकली मालही भरपूर होता, आणि आता तर नव्याने छापलेल्या प्रती सर्रास मिळतात. दोन गोष्टी तपासा. एक, लेबल. दहापट भिंग घ्या, सोनार-घड्याळजींकडे असतं तसलं, आणि चित्राच्या एका गडद भागावर धरा. मूळ छपाईत वेगवेगळ्या रंगांचे बारीक ठिपके ठरावीक नक्षीत दिसतात आणि काळी अक्षरं कडेला धारदार असतात. घरच्या प्रिंटरच्या लेबलावर ठिपके विखुरलेले, अक्षरांच्या कडा फुटलेल्या दिसतात. दुसरी गोष्ट आतला बोर्ड. बहुतेक मेगा ड्राइव्ह कॅसेटींना उघडायला स्क्रूड्रायव्हरचा ३.८ मिलिमीटरचा खास बिट लागतो. ऑनलाइन शंभर-दीडशेत मिळतो. नाक-पकडीने स्क्रू फिरवायला जाऊ नका. स्क्रूचं तोंड कुरतडलं की संग्राहक ते लगेच ओळखतो आणि कॅसेट उघडून काहीतरी बदललं असेल असं धरतो. आत मूळ कॅसेटीत हिरवा बोर्ड आणि त्यावर एक मोठी काळी चिप, दोन्ही बाजूंना पायांची रांग. चिपवर चार आकडी तारखेचा कोड सापडला तर पहिले दोन आकडे साल आणि पुढचे दोन त्या सालातला आठवडा. म्हणजे ९२३० असं असेल तर १९९२ चा तिसावा आठवडा. चिपच्या जागी काळा डांबरासारखा गोळा दिसला किंवा काचेची खिडकी असलेली चिप स्टिकर लावून झाकलेली दिसली, तर माल नकली असण्याचा संशय घ्या. एक सुखाची बाब म्हणजे या गेममध्ये प्रगती साठवायला पासवर्ड आहे, बॅटरी नाही. त्यामुळे बॅटरी संपली, गळली, बोर्ड खाल्ला, ही जी कटकट दुसऱ्या कॅसेटींत असते ती इथे नाही.

आता तुमच्या हातातला खरा पैसा कुठे आहे ते सांगतो. कॅसेट मजबूत प्लास्टिकची, ती तीस वर्षं टिकते. कागद टिकत नाही. पेटीतून मुलं कॅसेट काढताना पुस्तिका बाजूला टाकत, आईने रद्दीत दिली, कसरीने खाल्ली. म्हणून पेटीसकट, पुस्तिकेसकट संच मिळणं हेच दुर्मिळ, आणि कधी कधी नुसत्या पुस्तिकेला कॅसेटीइतकेच पैसे येतात. तुमच्या पुस्तिकेवर ओलीचे डाग आहेत म्हणून ती टाकून द्यायच्या विचारात असाल तर कृपा करून थांबा. डागाळलेली पण पूर्ण पुस्तिका, पुस्तिका नसण्यापेक्षा कितीतरी बरी.

ती कशी सांभाळायची ते नीट वाचा, कारण सगळ्यात जास्त नुकसान या टप्प्यावर होतं आणि ते करणारा माणूस काळजीनेच करत असतो. बुरशीचा पांढरा-करडा थर असेल तर पुस्तिका पुसू नका. आधी पंख्याच्या वाऱ्यापासून दूर, सावलीत, कोरड्या खोलीत दोन-तीन दिवस पानं थोडी उघडी ठेवून वाळू द्या. उन्हात ठेवली तर छपाईचा लाल रंग उडतो आणि कागद वाकडा होतो. पूर्ण वाळल्यावर, तोंडाला मास्क लावून, घराबाहेर, रंगकामाच्या मऊ ब्रशने पुस्तिकेच्या कण्याकडून कडेकडे हलकेच झटका. मग पानांमध्ये कोरे पांढरे कागद घालून दोन वह्यांमध्ये हलक्या वजनाखाली ठेवा. पिना गंजल्या असतील तर काढू नका, त्या मूळ आहेत. आणि एक गोष्ट आपल्याकडे हमखास होते: झेरॉक्सच्या दुकानात नेऊन पुस्तिका लॅमिनेट करून आणतात. लॅमिनेशन केलेला कागद संग्राहकाच्या दृष्टीने संपला. परत फिरवता येत नाही. सेलोटेपही नको, रबर बँडही नको. वितळलेलं रबर मुखपृष्ठाला चिकटून कायमची रेघ सोडतं.

दुकानाचं किमतीचं स्टिकर काढू नका असा माझा सल्ला. त्याने भाव वाढणार नाही, पण काढताना आवरणाचा कागद फाटला तर भाव नक्की पडेल. हे स्टिकर पेटीच्या बाहेरच्या पारदर्शक प्लास्टिकवर असेल आणि घेणाऱ्याने काढून मागितलं तर त्याला स्वतःलाच काढू द्या. थिनर, पेट्रोल, नेलपॉलिश रिमूव्हर कॅसेटीच्या जवळ आणायचे नाहीत. कॅसेटीचं प्लास्टिक त्याने पांढरट होऊन विरघळायला लागतं. पिवळी पट्टी फिकट झाली, पेटी मळकट झाली, ती ओल्या मऊ कापडाने आणि साबणाच्या थेंबाने पुसा. आवरणाचा कागद आधी बाहेर काढायला विसरू नका.

कॅसेटीच्या तोंडाच्या पट्ट्या मात्र साफ करायलाच हव्यात. मोबाइल दुरुस्तीवाल्यांकडे आयसोप्रोपिल अल्कोहोल असतं, ९९ टक्क्यांचं मागा. कापसाची काडी त्यात बुडवून निथळून घ्या आणि पट्टीच्या लांबीच्या दिशेने, वरून खाली, दोन्ही बाजूंनी फिरवा. काडी काळी पडते, दुसरी घ्या, ती पांढरी राहीपर्यंत. मग दहा-पंधरा मिनिटं वाळू द्या. पट्ट्यांवर सोन्याचा पातळ मुलामा असतो. पॉलिश पेपर, ब्लेड, खरखरीत खोडरबर यांनी तो निघून खालचं तांबं उघडं पडतं, आणि आपल्या पावसाळ्यात तांबं दोन हंगामांत हिरवं होतं. लहानपणी सगळे कॅसेटीत फुंकर मारायचे, ते आता नको. फुंकरीने थोडी ओल आत जाते. तेव्हा गेम चालायचा तो कॅसेट काढून पुन्हा बसवल्यामुळे.

चालवून बघायच्या आधी अडॅप्टर बघा, ही माझी हात जोडून विनंती. मेगा ड्राइव्हचे दोन प्रमुख नमुने आहेत आणि त्यांचे अडॅप्टर एकमेकांचे शत्रू आहेत. पहिला, मोठा, गोल वर्तुळ कोरलेला, त्याला ९ व्होल्ट १.२ अँपिअर लागतो आणि पिनेच्या आतलं टोक ऋण असतं. दुसरा, छोटा चौकोनी, त्याला १० व्होल्ट ०.८५ अँपिअर आणि आतलं टोक धन. घरात राउटरचा, सेट टॉप बॉक्सचा अडॅप्टर ‘बसतोय’ म्हणून लावतात, तो बऱ्याचदा आतून धन असतो. पहिल्या नमुन्याला उलटा लागला तर मशीन मरू शकतं. अडॅप्टरवर छापलेलं वर्तुळाचं चिन्ह वाचा, मल्टिमीटर असेल तर मोजा. टीव्हीला जोडायला पहिल्या नमुन्याच्या मागे आठ पिनांचं गोल सॉकेट असतं, दुसऱ्याच्या मागे नऊ पिनांचं लहान. पिवळ्या-लाल-पांढऱ्या पिनांच्या वायरी त्यानुसार मागवाव्या लागतात. नव्या टीव्हीवर चित्र येतं पण थोडं धूसर. ती कॅसेटीची चूक नाही.

मशीन बंद असताना कॅसेट बसवा, मग चालू करा. इलेक्ट्रॉनिक आर्ट्सचं चिन्ह, मग कथेची चित्रं, मग पहिली मोहीम ‘एअर सुपिरियॉरिटी’. स्टार्ट दाबला की नकाशा आणि शस्त्रांचा तक्ता येतो. सुरुवातीला हेलफायर क्षेपणास्त्रं ८, हायड्रा रॉकेट ३८ आणि चेन गनच्या गोळ्या ११७८ असाव्यात. पंधरा-वीस मिनिटं उडवा, इंधनाचा ड्रम उचला, एखादं रडार पाडा. चित्रात चौकोनी कचरा दिसला किंवा जमिनीचे तुकडे चुकीच्या जागी आले, तर बहुतेक वेळा तोंडाच्या पट्ट्या मळकट असतात. पुन्हा साफ करा. साफ करूनही नेमक्या त्याच ठिकाणी दरवेळी अडकत असेल तर चिपवर संशय घ्या, आणि दुसऱ्या मशीनवर चालवून बघा. खेळ थोडा संथ वाटला तर काळजी करू नका. आखातात आणि आपल्याकडे ५० हर्ट्झची, म्हणजे सेकंदाला ५० वेळा चित्र बदलणारी मशीनं होती, अमेरिकेतली ६० ची. त्या फरकाने संगीत आणि उडणं साधारण सहाव्या हिश्शाने मंद होतं.

ग्रेडिंग. सरळ सांगतो, करू नका. वापरलेल्या, ओल लागलेल्या, भरपूर छापलेल्या गेमची ग्रेडिंग म्हणजे परदेशात पाठवण्याचा, विम्याचा, त्यांच्या फीचा आणि परत येण्याचा खर्च, जो त्या गेमच्या किमतीच्या कितीतरी पट होतो. ग्रेडिंग उपयोगी पडते ती सील न उघडलेल्या प्रतीला, किंवा जिथे दर्जाच्या एका पायरीने भाव दुप्पट होतो तिथे. तुमची प्रत उघडलेली आहे, तो विषय तिथेच संपतो. हेच उत्तर वेगळं असतं, जर तुमच्या हाती याच गेमची अटारी लिंक्स या हातात धरायच्या मशीनवरची प्रत, किंवा जपानमध्ये निघालेली ‘वांगान साकुसेन’ नावाची आवृत्ती असती. त्या कमी खपल्या, त्यांना जास्त मागतात. तेव्हा ट्रंकेत आणखी काही आहे का ते नीट बघा. ‘अर्बन स्ट्राइक’ किंवा पीसीच्या मोठ्या पुठ्ठ्याच्या खोक्यातली प्रत निघाली तर वेगळा प्रश्न टाका, ती वेगळी मोजावी लागते.

विकायचं असेल तर मागणीचे भाव बघू नका, मागायला कुणाचं काय जातं. ईबेवर शोधताना गाळणीत ‘विकले गेलेले’ हा पर्याय लावा, मागच्या तीन महिन्यांतल्या प्रत्यक्ष झालेल्या विक्री बघा, आणि त्यातल्या तुमच्या प्रतीसारख्याच अवस्थेच्या पाच-सहांची सरासरी काढा. सगळ्यात वरची आणि सगळ्यात खालची सोडून द्या. मग पाठवण्याचा खर्च धरा. परदेशी टपालाचा खर्च कॅसेटीच्या किमतीला सहज गाठतो, म्हणून मी तुम्हाला परदेशात विकायला सांगणार नाही. पुणे, मुंबई, बेंगळुरूला जुन्या गेमचे संग्राहक आहेत, त्यांचे फेसबुकवर गट आहेत. तिथे स्पीड पोस्टने काम होतं. आपली जागा यात फायद्याची आहे: निपाणीहून कोल्हापूर आणि बेळगाव दोन्ही जवळ, गोवाही एका दिवसाच्या अंतरावर. मशीन, दोन रिमोट, अडॅप्टर आणि ही कॅसेट एकत्र द्यायची असेल तर प्रत्यक्ष भेटून, चालवून दाखवून विका. माझ्या अनुभवाने चालू मशीन पाहिलेलं गिऱ्हाईक घासाघीस कमी करतं. सुटं सुटं विकलं तर एकूण थोडे जास्त येतात, पण वेळ जातो आणि शेवटी जे कुणाला नको तेच तुमच्याकडे उरतं.

फोटो प्रामाणिक काढा. पेटी समोरून आणि मागून, कॅसेटीचं लेबल चारही कोपऱ्यांसह, तोंडाच्या पट्ट्या, पुस्तिकेचं मुखपृष्ठ, डाग असलेलं सगळ्यात वाईट पान, पिना, आणि चालू गेमचा पडदा. डाग लपवले तर परतावा मागितला जातो. फ्लॅश बंद ठेवा, खिडकीच्या उजेडात काढा, चमक लेबलावर पडली की ओरखडे लपल्यासारखे वाटतात आणि लोकांना शंका येते. पैसे यूपीआयने घेताना एवढं लक्षात ठेवा की पैसे घेण्यासाठी तुम्हाला पिन टाकावा लागत नाही. ‘स्कॅन करा, पैसे येतील’ म्हणणाऱ्याला लगेच ब्लॉक करा. जुन्या वस्तूंच्या जाहिरातींवर हे लोक रोज फिरत असतात.

आणि नाही विकायचं ठरलं, काकांची आठवण म्हणून ठेवायचं ठरलं, तर तोही तितकाच शहाणपणाचा निर्णय आहे. या भावाला विकून फार काही हाती येत नाही. तसं असेल तर सगळं माळ्यावरून खाली आणा. आपल्याकडे, विशेषतः खानापूरच्या बाजूला, जून ते सप्टेंबर माळ्यावरच्या पत्र्याखाली दिवसा तापतं आणि रात्री दमट होतं, कागदाला त्याहून वाईट काही नाही. बाहेरच्या भिंतीला टेकलेलं कपाट टाळा. झाकण घट्ट बसणाऱ्या डब्यात, पुस्तिका वेगळ्या आम्लरहित कागदाच्या पाकिटात, सोबत सिलिका जेलच्या पुड्या. निळ्या रंगाच्या पुड्या घेतल्या तर गुलाबी झाल्यावर कळतं की त्या भरल्या. लहान मुलांच्या हाती लागणार नाहीत अशा ठेवा. डांबरगोळ्या टाकू नका, त्यांची वाफ काही प्लास्टिकना चिकट करते. पावसाळ्याआधी आणि दिवाळीनंतर डबा एकदा उघडून पुड्या बदला आणि त्याच वेळी गेम अर्धा तास चालवून बघा.